अकरा शेरे, त्यातले आठ माझे

सरकारी बांधकाम खात्यात ३४ वर्षं मी दुसऱ्यांच्या कामावर शेरे मारले. ‘गिलाव्यास पोपडे’, ‘उतार अपुरा’, ‘पुनश्च तपासणी आवश्यक’. लाल पेनाचं टोपण दातांत धरून शेरा लिहिण्यात जे सुख आहे ते हापूसच्या फोडीतही नाही, आणि हे मी चिपळूणचा माणूस म्हणून जबाबदारीनं सांगतो. आपल्यावरही कधी कोणी शेरे मारील, तेही कॅलिफोर्नियात, सांता बार्बरा नावाच्या गावी, मुलीच्या दारात, आणि मारणारी बाई अग्निशमन खात्याची असेल, हे मात्र पत्रिकेत कुठं दिसलं नव्हतं. तिच्या कागदावर एकूण ११ शेरे होते. ३ घरावर. ८ माझ्यावर.

आम्ही दोघं मार्चात तिकडं गेलो. मुलीचं घर डोंगराच्या अगदी पायथ्याशी. मागं सांता इनेझची डोंगररांग, पुढं उतारावर गाव, गावापुढं समुद्र. मी पहिल्याच सकाळी डेकवर उभा राहून म्हणालो, “अगं, हे तर आपलं कोकणच!” हे वाक्य मी पुढं इतक्यांदा म्हणालो, की सात वर्षांचा नातू माझ्या आधीच ते म्हणून टाकायला लागला. कोकणात समुद्र पश्चिमेला असतो, तसा इथंही असणार असं धरून मी पहिला आठवडाभर चुकीच्या दिशेला तोंड करून सूर्याला अर्घ्य दिलं. इथला किनारा दक्षिणेकडं तोंड करून बसलाय. हे मला हिनं सांगितलं. तिला शाळेत भूगोलात माझ्यापेक्षा कमी मार्क होते.

एप्रिलात विमा कंपनीचं पत्र आलं. वणव्याचा धोका बघता पुढच्या वर्षी घराचा विमा चालू ठेवता येणार नाही, असं गोड भाषेत लिहिलेलं. मुलगी आणि जावई दोन रात्री दिवाणखान्यात हळू आवाजात बोलत बसले. तिसऱ्या दिवशी मी मध्ये पडलो.

“वणवा म्हणजे काय ते मला सांगू नका,” मी म्हणालो. “आमचा जन्म वणव्यात गेला.”

हे अगदीच खोटं नाही. शिमग्याच्या आसपास आमच्याकडचे सडे वाळून पापड होतात. कोणाची विडी पडते, कोणी मुद्दाम काडी लावतो, आणि बघता बघता आग एखाद्याच्या काजूच्या बागेत शिरते. लहानपणी आम्ही पोरं ओले डहाळे घेऊन ती झोडायला धावायचो. म्हणजे मोठी माणसं झोडायची. आम्ही डहाळे घेऊन मागून ओरडायचो. तर या अनुभवाच्या जोरावर मी सिद्धांत मांडला: आग डोंगर चढते, उतरत नाही. आपलं घर पायथ्याशी. मग भीती कसली?

जावयांनी तोंड उघडलं आणि मिटलं. जावई फार सुसंस्कृत आहेत. त्यांच्यात दुसरा दोष नाही.

त्याच आठवड्यात दुपारी त्यांचा ऑफिसातून फोन आला. “बाबा, आज संध्याकाळी सनडाउनर आहे. जोरदार आहे म्हणतात. जरा तयारीत राहा.”

सनडाउनर म्हणजे काय हे न कळायला मी काही अगदीच हा नाही. आमचे एक साहेब क्लबात जायचे. सूर्य कलला की व्हरांड्यात बसून जो पेला हातात घेतात त्याला सनडाउनर म्हणतात, हे त्यांनीच मला दौऱ्यावर असताना, स्वतः एक हातात घेऊन, समजावलं होतं. जोरदार म्हणजे मंडळी बरीच येणार. मी इस्त्रीचा शर्ट चढवला. डेकवर सहा खुर्च्या मांडल्या. चिवडा, खारे दाणे, काकडीच्या चकत्या. हिला कांदाभजी करायला सांगितली. “कोण येणारंय?” असं तिनं दोनदा विचारलं. मी म्हणालो, “मोठी माणसं असतील.”

सूर्य टेकला आणि तो आला. वारा. समुद्रावरून नव्हे, मागच्या डोंगरावरून. आणि गार नव्हे, कोणीतरी भट्टीचं झाकण उघडावं तसा. आधी चिवडा उडाला. मग वाटी. मग तीन खुर्च्या. मी दाण्यांची बशी छातीशी धरून उभा. तेवढ्यात जावई गाडीतून उतरले, गाडीचं तोंड रस्त्याकडं करून ठेवलं, पासपोर्टची पिशवी आणि दोन बॅगा दाराशी आणून ठेवल्या, आणि मग त्यांनी माझ्याकडं पाहिलं. माझ्याकडं, भज्यांकडं आणि डोंगराकडं. एक भजं तोंडात टाकून म्हणाले, “छान झालीत.”

तर सनडाउनर हे तिथल्या वाऱ्याचं नाव. ही डोंगररांग पूर्व-पश्चिम पसरलेली. तिसऱ्या प्रहरानंतर कधी कधी पलीकडची हवा उत्तरेकडून माथा ओलांडून समुद्राकडं कोसळते. उतरताना ती दाबली जाते, तापते, कोरडी होते. संध्याकाळी जिथं गारवा यावा तिथं पारा चढतो. आणि माथ्यावर आग असेल तर ती या वाऱ्यावर बसून खाली येते. माझा सिद्धांत बरोबर होता. फक्त तो वाऱ्याला कोणी सांगितला नव्हता.

हे सगळं मला जावयांनी नाही सांगितलं. शेजारच्या म्हातारीनं सांगितलं. ऐंशीच्या घरातली, पेंढ्याची हॅट घालणारी, मोडक्या कुंपणापलीकडून आमच्या घरावर बारीक लक्ष ठेवून असलेली. मनातल्या मनात मी तिला काकू म्हणायचो. २७ जून १९९० रोजी संध्याकाळी सहाच्या सुमाराला वर पेंटेड केव्ह रस्त्याजवळ आग लागली; दोनेक तासांत ती डोंगर उतरून, वस्त्या खात, खालचा १०१ नंबरचा महामार्ग ओलांडून गेली. चारशेच्या वर घरं गेली. त्यातलं एक काकूंचं. हाताला लागलं ते घेऊन त्या निघाल्या. गाडीत बसल्यावर बघतात तर एका हातात कुत्रा आणि दुसऱ्या हातात इस्त्री. “अजून चालते,” त्या म्हणाल्या. कुत्र्याबद्दल नव्हे.

दुसरा माणूस असता तर इथं गप्प बसला असता. मला मात्र कामाचा हुरूप आला.

घरामागचा उतार मे महिन्यात पिवळाधमक झाला होता. अग्निशमन खात्याची तपासणी पंधरा दिवसांवर आलेली. जावयांनीच ती मागून घेतली होती. तिथं ते लोक घरी येऊन काय धोक्याचं आहे ते दाखवून देतात. म्हटलं, बाई यायच्या आत गवत साफ करून सगळ्यांना चकित करावं. गॅरेजात गवत कापायचं यंत्र होतं, पुढं लोखंडी पातं असलेलं. विळ्यानं गवत कापणाऱ्याच्या वंशात जन्मलेल्या माणसानं यंत्र धरावं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. दुपारचे दोन वाजलेले. घरी कोणी नाही. खांद्यावर पंचा, डोक्यावर नातवाची बेसबॉलची टोपी.

पाच मिनिटं फार चांगली गेली. मग पातं गवतात लपलेल्या धोंड्यावर बसलं. खण्ण! एक बारीकशी ठिणगी दिसली. इतकी नाजूक, की मी क्षणभर कौतुकानं बघत राहिलो. मग त्या जागी गवताची दोन पाती मान टाकल्यासारखी वाकली, दोऱ्याएवढा धूर निघाला, आणि फस्सकन बशीएवढं गवत काळं झालं. काळ्याच्या कडेला केशरी रेघ. ती रेघ चालत होती. तिला कुठलीच घाई नव्हती.

बालपणीचा सगळा वणवा माझ्या अंगात संचारला. ओला डहाळा नव्हता म्हणून मी पंचा काढला आणि झोडायला लागलो. पंचा वाळलेला होता, हा तपशील नंतर लक्षात आला. प्रत्येक फटक्याला चार नव्या ठिणग्या उडत होत्या. मी आग विझवत नव्हतो, वारा घालत होतो. इतक्यात कुंपणाच्या खिंडारातून पाण्याचा झोत आला. पहिला माझ्या तोंडावर, दुसरा पाठीवर, तिसरा आगीवर. हाच क्रम त्यांनी मुद्दाम ठेवला होता असं मला अजून वाटतं.

उरलं ते पोळपाटाएवढं काळं वर्तुळ, आणि त्याच्या मधोमध भिजलेला मी.

काकू नळी हातात धरून तिथंच खाली बसल्या आणि शांतपणे माझा वर्ग घेतला. गवत कापायचं ते सकाळी दहाच्या आत, वारा नसताना, पाण्याची नळी शेजारी ठेवून. या डोंगरावर २००९ साली मे महिन्यातच हेसुसिता नावाची आग लागली, ८० घरं गेली; आणि ती लागली होती पायवाटेवरची झुडपं साफ करताना वापरलेल्या यंत्रानं. त्याच्या आदल्या वर्षी नोव्हेंबरात पोरांनी शेकोटी केली, नीट विझवली नाही, २१० घरं गेली. आणि १९७७ च्या जुलैत? मी म्हटलं, काय? काकूंनी बोट वर केलं. पतंग. विजेच्या तारांत अडकलेला एक पतंग. त्यात दोनशेच्या आसपास घरं.

झाडलोट, शेकोटी, पतंग. यादी ऐकून माझे पाय गार पडले. यातलं एकही काम असं नाही जे मी आयुष्यात आवडीनं केलेलं नाही. संक्रांतीला तर मी त्या उतारावर पतंग उडवायचा बेतही नातवाला सांगून ठेवला होता.

माझं तोंड तरीही बंद झालं नाही. रात्री जेवताना मी जाळरेषेचा विषय काढला. आमच्याकडं गवत पुरतं वाळायच्या आत बागेभोवतीचा पट्टा आपणच जाळून टाकतात, म्हणजे पुढं वणव्याला खायला काही उरत नाही. मुलीनं घास खाली ठेवला. “बाबा, हे तुम्ही या टेबलाबाहेर कुठंही बोलायचं नाही. फोनवरसुद्धा.” बरं, मग निदान मागचा डोंगर सगळा भादरून घेऊ, मी म्हणालो, अगदी तुळतुळीत. दुसऱ्या दिवशी हीच कल्पना काकूंना ऐकवली. त्या या वेळी हसल्या नाहीत. २०१७ च्या डिसेंबरात शेजारच्या माँटेसिटोवरचा डोंगर आगीत असाच उघडा झाला होता. ९ जानेवारी २०१८ च्या पहाटे पाऊस कोसळला आणि डोंगर चिखल आणि धोंडे घेऊन घरांवर उतरला. २३ माणसं गेली. मला महाडचं तळिये आठवलं, २०२१ चा जुलै आठवला, त्याच दिवसांत आमच्या चिपळुणात शिरलेलं पाणी आठवलं. मी तो विषय परत काढला नाही.

पण हात रिकामे कसे ठेवणार? सकाळी दहाच्या आत, विळ्यानं, मी आठवडाभर घाम गाळला. वाळक्या फांद्या छाटल्या, तोडल्या, एकसारख्या मोळ्या बांधल्या. पावसाळ्याची बेगमी करताना आमची आई लाकूड कसं रचायची ते मी बघितलेलं: भिंतीला लावून, आडोशाला, खाली हवा खेळेल असं. डेकच्या खाली जागा जणू त्यासाठीच ठेवली होती. अशा ४० मोळ्या रचल्या, कोपरे काटकोनात. मागं उभं राहून बघितलं आणि मनात शेरा मारला: काम समाधानकारक. गवत पुन्हा उगवू नये म्हणून भिंतीलगत झाडाच्या सालींचा चुरा पसरला. सेलमध्ये होता, १२ पोती आणली.

तपासणीला बाई वेळेवर आली. तिशीतली, बांधेसूद, निळ्या गणवेशात, काखेत फळी. मी दाराशी उभा, इस्त्रीचाच शर्ट. मनात भाषण तयार. तिला डोंगराकडं न्यायला मी हात दाखवला तर ती डोंगराकडं बघेचना. उंबऱ्यापाशीच थांबली आणि खाली बघितलं.

“हे कशाचं आहे?”

काथ्याचं पायपुसणं. मी कोकणातून नेलेलं. मला वाटलं, बाईला कलाकुसरीची आवड दिसते. नारळ, सोडण, काथ्या, दोर, सगळं सांगितलं. म्हणालो, हात लावून बघा, किती कोरडं राहतं. तिनं दोन बोटांनी कोपरा उचलून बघितला, मान हलवली आणि लिहिलं.

मग तिनं वर बघितलं. तोरण. गुढीपाडव्याला मी स्वतः ओवलेलं. आंब्याची पानं तिथं मिळाली नाहीत म्हणून रस्त्याकडेच्या निलगिरीची घातली होती. दोन महिन्यांत ती अशी वाळली होती, की वाऱ्यावर मंद वाजायची. मला तो आवाज आवडायचा. निलगिरीच्या पानात तेल असतं हे मला ठाऊक होतं, सर्दीच्या निमित्तानं. पुढचा विचार मी केला नव्हता. “हे कोणाचं?” तिनं विचारलं.

“आजोबांचं,” नातू म्हणाला.

इथून पुढं तो तिच्या शेजारून हातात हात घालून चालला. भिंतीला टेकवलेला खराटा कोणाचा? आजोबांचा. दाराशी रचलेले रिकामे खोके आणि वर्तमानपत्रं? आजोबा रद्दीवाल्याची वाट बघतायत. फडताळातल्या करवंट्या? आजोबा म्हणतात उपयोगी पडतील. सालींचा चुरा? आजोबांनी बारा पोती आणली. तुळशीपुढच्या लाकडी पाटावरचं निरांजन आजीचं होतं, पण तो पाट आजोबांचा. म्हणून तोही शेरा माझ्याच खात्यावर. आमची दिवेलागण आणि त्यांचा सनडाउनर यांची वेळ एकच, हे तेव्हा लक्षात आलं. शेवटी बाई डेकखाली वाकली. बराच वेळ काही बोलली नाही. टॉर्च लावून ४० मोळ्या बघितल्या. मग म्हणाली, “फार नीट रचल्यात.” मी खूश. “होळी पेटवायची असती तर मीही अशाच रचल्या असत्या,” अशा अर्थाचं काहीतरी ती पुढं म्हणाली. लाकूड घरापासून किमान ३० फूट लांब हवं.

मग तिनं मला उंबऱ्यावर बसवलं आणि सांगितलं. ज्वाळांची भिंत चालत येऊन दार ठोठावते असं क्वचित होतं. येतात ठिणग्या आणि जळते तुकडे. वाऱ्यावर मैलभर पुढं उडतात आणि हळूच बसायला जागा शोधतात. पागोळीच्या पन्हळीतली पानं, माळ्याच्या झरोक्याची मोठी भोकं, पायपुसणं. अमेरिकेच्या वनखात्यातले जॅक कोहेन नावाचे शास्त्रज्ञ वर्षानुवर्षं जळालेल्या वस्त्या बघत हिंडले. किती ठिकाणी घराची राख आणि शेजारचं झाड हिरवंगार! घर वाचतं की नाही ते ठरतं घरावर आणि त्याभोवतीच्या शंभरेक फुटांत. त्यातही भिंतीपासूनचे पहिले पाच फूट, ज्याला तिकडं झोन झिरो म्हणतात, तिथं जळण्यासारखं काही म्हणता काही नको. खडी चालेल, फरशी चालेल, नुसती माती चालेल.

मी दोन महिने डोंगराशी झुंजलो होतो, आणि सगळा दारूगोळा पाच फुटांत आणून ठेवला होता.

घराचे तीन शेरे साधे निघाले: झरोक्यांना तीन मिलिमीटरची बारीक जाळी, पन्हळीची सफाई, खिडकीला चिकटलेला सुरू काढणं. खाली शेवटची ओळ होती, पुन्हा तपासणी आवश्यक. अक्षर सुंदर होतं. पेन निळं, एवढंच.

बाई गेल्यावर मी डेकवर येऊन बसलो आणि मोठ्यानं म्हणालो, की ३४ वर्षांत माझ्यासमोर असं कोणी बोललं नाही, काल आलेली पोर, वगैरे. ही आतून दिवा घेऊन जाता जाता थांबली. “पाच फुटांच्या आत पटकन पेट घेणारं काही ठेवू नका म्हणाली ना? मग तुम्ही जरा त्या खुर्चीवर बसा, कुंपणापाशी.”

पुढचा आठवडा जे जे आणलं ते परत नेण्यात गेला. मोळ्या हिरव्या कचऱ्याच्या डब्यांतून टप्प्याटप्प्यानं गेल्या. सालींचा चुरा मी परत पोत्यांत भरला. बाराची तेरा पोती झाली, कशी ते देव जाणे. त्या जागी खडी पडली. निरांजन आता घरात, स्टीलच्या ताटलीत. काकू रोज खिंडारातून बघत होत्या आणि एकदा त्यांनी न मागता इस्त्री वापरायला दिली. जूनमध्ये बाई परत आली, कागदावर सगळीकडं खुणा केल्या आणि नातवाला लाल टोपी देऊन गेली. विमा कंपनीनं अजून पत्र मागं घेतलेलं नाही. मुलगी दुसरीकडं चौकशी करतेय.

पायपुसणं टाकून देणं मात्र जिवावर आलं. ते माझ्या बॅगेतून परत चिपळूणला आलं. सध्या आमच्याच दारात आहे. जुलै चालू आहे, आणि गेल्या अकरा दिवसांत ते वाळलेलं नाही.